सामान्य नागरिकाची तक्रार आणि आपले राजकारण

(अंबरनाथ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

'सामान्य नागरिकाच्या नजरेतून चालू घडामोडी' असा विषय आजच्या अभ्यासवर्गासाठी मला देण्यात आला आहे. चालू घडामोडी म्हटल्या की आपण दिल्लीपासून आरंभ करतो. अर्थसंकल्प, पक्षांतरे, न्यायालयांचे निकाल यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथे राहणाऱ्या माणसाला आज काय घडले असे विचाराल, तर तो सांगेल की नळाला पाणी आले नाही, सकाळची गाडी रद्द झाली, शेजारच्या इमारतीवर नोटीस चिकटली. यांना आपण 'किरकोळ प्रश्न' म्हणून बाजूला सारतो. माझे म्हणणे असे की हे प्रश्न किरकोळ नाहीत. किंबहुना ते तीन वेगळे प्रश्नही नाहीत. त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : या माणसाने दाद कोठे मागायची?

या शहरांची घडणच लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्याच बराकींत लाखभर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले, आणि १९४९ साली त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. आजही तेथील पत्ता 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' असाच सांगितला जातो. अंबरनाथला आगपेटीचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आणि पुढे औद्योगिक वसाहत आली. बदलापूर तर मुंबईतील जागेच्या भावांनीच वाढविले. २००१ साली लाखाच्या आत असलेली तेथील लोकवस्ती २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. म्हणजे निर्णय लष्कराचा, पुनर्वसन खात्याचा, उद्योगखात्याचा किंवा जमिनीच्या बाजाराचा. येथे राहणाऱ्यांचा निर्णय त्यात कोठेच नव्हता. २०२१ साली होणारी जनगणनाही झाली नाही. त्यामुळे बदलापुरात नंतर आलेल्या हजारो कुटुंबांची सरकारी हिशेबात नोंदच नाही. २०११ चे आकडे समोर ठेवून आजच्या शहरासाठी नळ आणि रस्ते आखले जात आहेत.

पाण्याचेच पाहा. उल्हासनगर महानगरपालिका औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घेते. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या या शहराला स्वतःचा जलस्रोत नाही. अंबरनाथ-बदलापूरचे पाणी जीवन प्राधिकरण पुरविते. नळ कोरडा पडला म्हणून बाई नगरपालिकेत गेली, तर तिला प्राधिकरणाकडे पाठवितात. प्राधिकरण विजेकडे बोट दाखविते, आणि वीज कंपनी दुरुस्तीकडे. सरतेशेवटी सोसायटी वर्गणी काढून टँकर मागविते आणि प्रश्न 'सुटतो'. ज्या चाळीत वर्गणी निघत नाही तेथे तो सुटत नाही, एवढेच. या नळाचे दुसरे टोक बारवी धरणात आहे हेही आपण विसरू नये. त्या धरणासाठी आणि पुढे त्याची उंची वाढविण्यासाठी मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर, काचकोली, मानिवली अशा गावांतील शेतकऱ्यांनी व आदिवासींनी जमिनी दिल्या, आणि पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पाणी घेणारा आणि पाण्यासाठी गाव गमावणारा यांची गाठ कधी पडत नाही, कारण दोघांच्या तक्रारी वेगवेगळ्या टेबलांवर पडून असतात.

रेल्वेची कथा निराळी नाही. बदलापूर ते मुंबई हे अंतर ६८ किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात रोज तीनएक तास जातात, आणि त्यातील बराच वेळ एका पायावर जातो. कल्याण–बदलापूर दरम्यानच्या तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला २०१९ साली मंजुरी मिळाली, त्याला वर्षे लोटली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराशी लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि काहींचा प्राण गेला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांची घोषणा झाली. दरवाजे जरूर बसवावेत. परंतु दरवाजा बंद झाल्यावर जो फलाटावर राहील, त्याच्यासाठी गाडी कोठे आहे? तो हौसेने लोंबकळत नव्हता. हजेरीपटावरील तांबड्या रेघेने त्याला लोंबकळायला लावले होते.

आता घराचा प्रश्न. उल्हासनगरात नव्वदीच्या दशकात, जमिनीच्या सनदेचा आणि परवानगीचा घोळ असताना, उलव्याच्या निकृष्ट रेतीत इमारती उभ्या राहिल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पाडण्याचे आदेश झाले. तेव्हा २००६ साली शासनाने खास कायदा करून दंड भरून बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. लोक बेघर होऊ नयेत हा हेतू योग्यच होता. पण कागद नियमित झाला म्हणून स्लॅबमधील सळई गंजायची थांबत नाही. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत 'मोहिनी पॅलेस' आणि 'साईसिद्धी' या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून बारा माणसे दगावली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते, नोटिसा लागतात, आणि माणसे तेथेच राहतात. जावे कोठे, याचे उत्तर नोटिशीत लिहिलेले नसते. बांधणारा पैसे घेऊन गेला, परवानगी देणारा निवृत्त झाला. स्लॅबखाली राहिला तो आयुष्यभराची पुंजी त्यात घालणारा कारकून, शिलाई करणारा कारागीर, फेरीवाला.

आणि वालधुनी! हजार वर्षांपूर्वीच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने नाला होऊन गेली. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून तिच्यात रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरात विषारी वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात धाव घ्यावी लागली. हरित न्यायाधिकरणाने पुढे दंड ठोठावले. नदी मात्र औद्योगिक महामंडळ, नगरपालिका आणि प्रदूषण मंडळ यांच्या हद्दींमधून आजही बेवारस वाहते आहे.

साथींनो, अशा वेळी नागरिकाला हक्काने गाठता येईल असा एकच माणूस असतो : वॉर्डातला निवडून दिलेला प्रतिनिधी. पण तोही नव्हता! अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली; नव्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. उल्हासनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२२ मध्ये संपली. मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पार पाडावी, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम स्पष्ट सांगते. तरी आधी महामारी, मग आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना अशी कारणे येत गेली, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावरच गाडे हलले. पावणेचार ते साडेपाच वर्षे प्रशासकाने कर बसविला, प्रशासकाने खर्च केला, आणि प्रशासकानेच स्वतःला मंजुरी दिली.

यावर मध्यमवर्गीय मित्र म्हणतात, "बरेच झाले, नगरसेवक तरी काय दिवे लावत होते?" हा आक्षेप टाळून चालणार नाही. टक्केवारीचे राजकारण या तिन्ही शहरांनी पाहिले आहे, आणि उल्हासनगरच्या त्या इमारती लोकनियुक्त कारभाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. परंतु भ्रष्ट प्रतिनिधीला पाच वर्षांनी तरी दारात यावे लागते. बदली होऊन गेलेला अधिकारी येत नाही. वाईट प्रतिनिधीवर उपाय चांगला प्रतिनिधी आणि जागरूक मतदार हाच आहे. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गावाला आणि जिल्ह्याला दिल्लीइतकेच खांबाचे स्थान दिले ते याच जाणिवेने.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा असतो : "लोक उदासीन आहेत." ऑगस्ट २०२२ मध्ये नेहमीच्या साध्या लोकलच्या जागी महागडी वातानुकूलित लोकल आली, तेव्हा कळवा आणि बदलापूर येथील प्रवासी उठले, आणि रेल्वेला दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाला, तेव्हा बदलापूरकर दिवसभर रुळांवर बसले. ही माणसे उदासीन नव्हेत. सगळी दारे बंद दिसली की माणूस रुळांवर उतरतो. परंतु उद्रेक आणि संघटन यांत फरक आहे. उद्रेक दुसऱ्या दिवशी ओसरतो. मागे राहतात ते खटले आणि तारखा.

गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. त्यांनी पाण्याला किरकोळ प्रश्न मानले नाही. नळावरच्या बायकांना त्यांनी महापालिकेच्या दारापर्यंत नेले, आणि त्याच बायका १९७२ नंतर महागाईविरुद्ध लाटणे घेऊन मंत्रालयापर्यंत गेल्या. हंड्यापासून सुरू झालेले शिक्षण राज्याच्या अन्नधोरणापर्यंत पोचले. आपल्या परंपरेतून आज घेण्यासारखे काही असेल तर ते हे आहे.

म्हणून मी तीन साधी कामे सुचवितो. पहिले, प्रत्येक वॉर्डात एक वही ठेवा. पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, कोणत्या इमारतीला नोटीस लागली, टँकरला किती पैसे मोजले, हे तारखेनिशी लिहा. दुसरे, त्या वहीच्या आधारे माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारा, आणि प्रत्येक तक्रारीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद नोंदवा. जेथे दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवितात, तेथे दोघांनाही एकाच सभेत, एकाच व्यासपीठावर, लोकांसमोर बोलवा. तिसरे, आता निवडून आलेल्या सदस्यांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, दर तीन महिन्यांनी वॉर्डसभेत हिशेब द्यायला लावा. ते येणार नाहीत, तर सभा त्यांच्याविना भरवा आणि रिकामी खुर्ची लोकांना दिसू द्या.

हे काम संथ आहे. त्यात टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. परंतु आज येथला माणूस रेल्वेच्या लेखी प्रवासी आहे, पाणीखात्याच्या लेखी ग्राहक आहे, बिल्डरच्या लेखी गिऱ्हाईक आहे आणि पक्षांच्या लेखी मतदार आहे. प्रत्येक खिडकीपुढे तो एकटा, वेगळ्या रांगेत उभा आहे. या सगळ्या रांगांतला माणूस एकच आहे हे त्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला उमगेल, तेव्हा तो नागरिक होईल. ही उमज निर्माण करणे यापेक्षा मोठे राजकारण मला तरी ठाऊक नाही.