पाण्याखालचे रान
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी दहा मिनिटे दिली आहेत आणि मागून जेवणाचा वास येऊ लागला आहे. म्हणून एकच गोष्ट सांगतो, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची.

तिथल्या समुद्रात, खडकांवर, एक्लोनिया नावाचे तपकिरी शेवाळ वाढते. आपण ज्यावरून घसरून पडायचो ते हिरवे बुळबुळीत शेवाळ वेगळे. याची पाने चामड्यासारखी जाड आणि उंची काही ठिकाणी माणसाएवढी. या जातीच्या शेवाळाला केल्प म्हणतात. त्याला थंड पाणी लागते, त्यामुळे आपल्याकडे ते नाही. पण तिथे त्याचे पाण्याखाली रानच असते आणि त्या रानाच्या आसऱ्याने मासे, शेवंडी वाढतात.

2011 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, ला निनामुळे उत्तरेकडून येणारा उबदार लीउविन प्रवाह जोरात होता. पाणी नेहमीपेक्षा 2 ते 4 अंशांनी तापले. आपल्याला 2 अंश म्हणजे पंखा एक नंबर वाढवण्याची बाब. पण कालबारी गावाजवळचे केल्प आधीच त्याला सोसेल त्या उष्णतेच्या काठावर उभे होते. ते गेले. सुमारे 100 किलोमीटर किनाऱ्यावरचे रान नाहीसे झाले आणि 2013 पर्यंत पश्चिम किनाऱ्यावरचे एकूण 43 टक्के केल्प संपले. ॲबलोनी नावाची महागडी समुद्री गोगलगाय तिथे इतकी मेली, की कालबारीकडे तिची मासेमारी बंद करावी लागली.

मला खरी हादरवणारी गोष्ट पुढची वाटते. पाणी नंतर निवले, पण रान परतले नाही. रिकाम्या खडकांवर आखूड, गवतासारखे शेवाळ पसरले. उष्ण पाण्यातले पोपट मासे आणि इतर शाकाहारी मासे वाढले आणि केल्पचा कोवळा अंकुर दिसला की कुरतडू लागले. शिवाय केल्पचे बीजाणू फार लांब जात नाहीत. शेजारचेच रान गेले तर बी येणार कुठून? मासा तापल्या पाण्यातून दक्षिणेकडे सरकू शकतो. शेवाळ पिढ्यांमागून पिढ्या सरकते आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा संपला की पुढे त्याला धरायला खडकच नाही.

हे सगळे इतक्या नेमकेपणाने सांगता येते, कारण तिथले संशोधक 2001 पासून, पाणी तापण्याच्या कितीतरी आधीपासून, ठरावीक खडक मोजत होते. नाहीतर जुने लोक म्हणाले असते, “पूर्वी इथे खूप शेवाळ असायचे,” आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावली असती.

अरबी समुद्रही तापतो आहे. पावसाळा संपला की आपल्या कातळांवर उल्वा, सरगॅसम उगवते. मार्च-एप्रिलमधल्या उन्हात ते वाळून जाते. शाळेमागच्या खडकांवर ते किती आहे, याची नोंद शाळेत नाही.

मुख्याध्यापकांना मी सकाळीच विचारले आहे. नववीच्या मुलांनी दर महिन्याला पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तेच पाच खडक गाठायचे, चौकट ठेवून फोटो काढायचा, पाण्याचे तापमान वहीत लिहायचे. चौकट, थर्मामीटर आणि वह्यांचा खर्च आमची बॅच करील. सरांनी होकार दिला, तर पहिली नोंद येत्या कार्तिकी पौर्णिमेला घेता येईल.