आधी पाण्याची वाट, मग फरशी



१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. पाण्याखाली गेलेली आपली गावं उठून नव्या जागी वसली. घरं उभी राहिली, पण न्हाणी मात्र कितीतरी घरी आजही साडीच्या आडोशालाच आहे. 'स्वच्छ भारत'मधून पात्र घरांना १२ हजार मिळतात, ते संडासासाठी. न्हाणीघर आपल्याच पैशांतून, बहुतेकदा गटाच्या कर्जातून होतं. म्हणून ते एकदाच आणि नीट व्हायला हवं.

माझी चूक सांगते. मी आधी फरशी निवडली आणि न्हाणीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडलं. पावसाळ्यात खड्डा तुंबला, नवी फरशी फोडावी लागली. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला!

तेव्हा गवंडी यायच्या आधी अंगणात चुन्याने जागा आखा. आत बादली ठेवून बसून बघा, सासूबाईंनाही बसवून बघा. उतार मोरीकडे ठेवा. संडासाच्या खड्ड्यात फक्त संडासाचंच पाणी जाऊ द्या. न्हाणीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा घ्या. काळ्या रानात पाणी लवकर जिरत नाही, तिथे ते केळी-अळूकडे वळवा. आणि कडी आतून लागते ना, हे पैसे चुकते करण्याआधी तपासा.