जुना ट्रॅक्टर, जड ओझे आणि गिअरची निवड



माहिती खात्यातील मनुष्य ट्रॅक्टरच्या गिअरविषयी बोलावयास उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येशी माझा संबंध ऐकीवच. परंतु रायगडच्या किनाऱ्यावर कामानिमित्त हिंडताना जुन्या ट्रॅक्टरांच्या जाणत्या चालकांकडून जे शिकावयास मिळाले, ते आपणांसमोर ठेवतो.

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेली खोडे वाडीबाहेर ओढून काढणे हे मोठेच काम होऊन बसले. त्या दिवसांत मी एका वाडीत पाहिले, की खोडाला बांधलेली साखळी ट्रॅक्टरच्या टॉपलिंकच्या जागी, म्हणजे चांगली उंचावर, अडकवलेली होती. शेजारच्या एका वृद्ध चालकाने धावत येऊन ती सोडवली आणि खाली ड्रॉबारला बांधली. कारण विचारता त्यांनी मला जे सांगितले ते असे : खोड मातीत रुतले की मागची चाके अडतात, पण इंजिनाचा जोर थांबत नाही. तो जोर मग मागच्या आसाभोवती ट्रॅक्टरलाच फिरवू लागतो. पुढची चाके उचलली जातात आणि चालकाचा पाय क्लचवर पोहोचण्याआधीच ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटतो. ओढ आसाच्या खालून लागली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. क्लच झटक्याने सोडला तर मात्र तो पुन्हा वाढतो. म्हणून अशा कामास सर्वांत खालचा गिअर, इंजिन मध्यम गतीवर आणि क्लच हळूहळू सोडणे, हीच रीत. चाक रुतलेच तर त्यापुढे ओंडका टाकून जोर करू नये. मागे घेऊन बाहेर पडावे, किंवा ओझे सोडून द्यावे.

आता ट्रॉलीकडे वळू. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा, मुंबईच्या कांदिवली कारखान्यातील बी-२७५ हा ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या परिचयाचा. ही कंपनी १९७७ साली महिंद्र आणि महिंद्रमध्ये विलीन झाली. सुमारे ३५ अश्वशक्तीच्या या ट्रॅक्टरला पुढचे आठ व मागचे दोन गिअर असत. त्या पिढीच्या यंत्रात चालत्या गाडीत गिअर बदलणे, विशेषतः ओझ्यासह चढावर, भरवशाचे नसते. जुना गिअर सुटतो, नवा बसत नाही, आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये मागे घसरू लागतो. म्हणून गिअरची निवड चढाच्या पायथ्याशी, थांबून करावयाची असते.

निवड कशी करावी, हे साध्या हिशेबाने कळते. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जांभ्याचे चिरे मिळून सात टन वजन धरा. बारास एक या प्रमाणाचा चढ असेल, तर सात टनांचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ५८० किलो, एवढी ओढ केवळ चढासाठी लागते. चाकांच्या घर्षणाचे दीडशे किलो मिळवले की ती ७३० होते. ताशी सात किलोमीटर वेगाने यास १९ अश्वशक्ती पुरते. ताशी पंधरा किलोमीटरला मात्र चाळीस हवी. ती ३५ अश्वशक्तीच्या इंजिनात, तेही अनेक वर्षे झिजलेल्या, येणार कोठून? इंजिन घुसमटू लागले, काळा धूर ओकू लागले, की वरचा गिअर घेतल्याची ती कबुलीच समजावी.

चढापेक्षा उतार अधिक घातक. अलिबाग-पेण मार्गावरील कार्ले खिंडीसारख्या ठिकाणी डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याचा मोह काहींना होतो. थोड्या डिझेलासाठी हा व्यवहार परवडणारा नाही. दोनचाकी ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. तिचे सगळे वजन मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर ब्रेक दाबला, तर त्याचा मागचा भाग बाजूला फेकते. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे. शंका आल्यास आणखी एक खालचा घ्यावा. वेग वळणाच्या आधी कमी करावा, क्लचवर पाय ठेवू नये. डावा व उजवा असे ब्रेकचे दोन पाटे शेतात निरनिराळे वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ते एकमेकांस जोडलेच पाहिजेत. नाहीतर एकच बाजू अडून ट्रॅक्टर आडवा होतो. पहिल्या पावसात लाल माती रस्त्यावर पसरते, तेव्हा ही सारी काळजी दुप्पट घ्यावी.

भरताना जड माल ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावा. मागे गेला तर हुक वर उचलला जातो व मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे आला तर स्टिअरिंग हलके पडते. पिनेच्या जागी सळईचा तुकडा ठोकलेला मी पाहिला आहे. खाऱ्या हवेत असे लोखंड किती टिकणार! किनाऱ्यावर वाळूत वा खाऱ्या पाण्यात काम केल्यावर हुक, पिन व ब्रेक गोड्या पाण्याने धुवावेत, आणि रस्त्यास लागताच ब्रेक हलके दाबून ते पकडतात की नाही हे पाहावे.

शिक्षकांकडे एक मागणे आहे. शाळेतून परतणारी मुले मडगार्डवर आणि ड्रॉबारवर लटकून येतात. चालक गावचाच असल्याने कोणी काही बोलत नाही. आपण बोलावे. जत्रेला व लग्नाला माणसांनी भरलेली ट्रॉली निघते, ती रोखण्यात पंचायत सदस्यांनी वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्यावा. ट्रॉलीच्या मागे चकाकणारी पट्टी लावून घेण्यास फारसा खर्च येत नाही. अंधारात उभी ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास दिसतच नाही.

त्या वृद्ध चालकाच्या ट्रॉलीला दोन लाकडी ठोकळे दोरीने बांधलेले होते. चढावर थांबावे लागले की किन्नर प्रथम उतरून ते मागच्या चाकांखाली लावी, आणि मगच चालक जागेवरून उठे.