मेक्सिकोच्या भिंतीवरचा वर्धेकर

मेक्सिको सिटी पाहून आलो म्हटलं, की सगळ्या आधी पिरॅमिडांबद्दल विचारतात. तेही पाहिले, शहराबाहेर आहेत, टोपी न्या. पण आम्हां तिघींच्या मनात राहिली ती सोकालो चौकाजवळची शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत. दिएगो रिवेरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात तिच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या.

एका चित्रात जेवणाचं टेबल, भोवती देशोदेशीची माणसं आणि मध्ये पाव मोडणारा एक जण. तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा, आपल्या वर्ध्याच्या! इंग्रजांविरुद्ध गदर चळवळीत उतरले, मायदेशी परतायची सोय उरली नाही. मग मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं.

आमच्यातली एक वर्ध्याचीच. तिनं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ गप्प होती बिचारी.

बाहेर गाडीवर मक्याच्या तोर्तिया भाजत होत्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, म्हणून पीठ छान चिकट होतं. आपल्या भाकरीहून पातळ. वर्धेकरीण तिसरी मागत होती.