ब्रेक फेल झालाच नव्हता

कवी बोलायला बसला की पाऊस, चांदणं, फार तर महागाई यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र मी जुन्या मोटारसायकलच्या ब्रेकविषयी बोलणार आहे. या विषयापायी माझ्या पत्नीचं मनगट मोडलं, आणि दोष सगळा माझा होता.

चांदवडहून आमच्या देवळ्याला येताना भावडबारीचा घाट लागतो. आमच्याकडे बारी म्हणजे खिंड. रोजच्या जाण्यायेण्यामुळे आम्ही त्याला घाट मानतच नाही. एप्रिलचे दिवस होते. एक लग्न आटोपून आम्ही दोघं संध्याकाळी परतत होतो. गाडी अब्बांची, शंभर सीसीची, वीस वर्षांहून जुनी. उताराला लागलो, तर पुढे कांद्यानं भरलेली ट्रॉली संथपणे चाललेली. मी मागच्या ब्रेकचं पायडल दाबलं. ते खालपर्यंत गेलं, चाकातून खरवडल्यासारखा आवाज आला आणि गाडी तशीच पळत राहिली.

ताशी ४५ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेबारा मीटर पुढे जाते. विचार करायला वेळ नसतो. अंगात असेल ती सवय कामाला येते. माझ्या अंगात दोन वाईट सवयी होत्या. पहिली, उतारावर क्लच दाबून गाडी सोडून देण्याची. तेवढंच पेट्रोल वाचतं, असं वाटायचं. दुसरी, पुढच्या ब्रेकला हात न लावण्याची. 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पालथा पडतो' हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी त्याची वायर मुद्दाम ढिली करून घेतली होती. त्या दिवशी तो दाबला, तेव्हा दांडी नुसती मुठीला येऊन टेकली.

घाबरून क्लच सुटला, हेच नशीब. गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडायला लागलं आणि वेग जाणवण्याइतका उतरला. समोरून एसटी येत होती, म्हणून ट्रॉलीच्या उजवीकडून निघणं शक्य नव्हतं. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग दिसला. गाडी त्यात घातली. आम्ही दोघं पडलो. मला खरचटलं. पत्नीनं हात टेकला, तिचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या पोरानं मागचं चाक खोललं. ड्रममधल्या एका ब्रेक शूचं लायनर झिजून धातू उघडा पडला होता, दुसऱ्याचं लायनर सुटून तुकडे झाले होते. मी म्हणालो, "ऐन उतारावर ब्रेक फेल झाला बघ." त्यानं ब्रेकच्या दांड्याच्या टोकाचा नट दाखवला. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन बसला होता. तो म्हणाला, "चाचा, फेल नाही झाला. कधीचा संपला होता. तुम्ही नट आवळत राहिलात."

हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. ड्रम ब्रेकचं काम साधं असतं. पायडल दाबलं की दांडा ओढला जातो, त्यानं ड्रमवरची छोटी तरफ फिरते आणि आतले दोन शू फाकून ड्रमला घासतात. लायनर झिजलं की पायडल जास्त खाली जायला लागतं. आपण नट दोन आटे आवळतो, पायडल पुन्हा वर येतं, आणि ब्रेक दुरुस्त झाला असं वाटतं. झीज मात्र तेवढीच राहते. शिवाय तरफ अधिकाधिक कलत जाते. ब्रेक दाबलेला असताना दांडा आणि तरफ यांच्यात साधारण काटकोन असेल तर जोर पुरा लागतो. तो कोन फार वाढला की तेवढ्याच दाबानं पकड कमी मिळते.

पत्नी दोन महिने सांगत होती, "अजी, ब्रेक दाबला की खर्र खर्र होतं." मी वृत्तातली एक मात्रा चुकली तर रात्रभर झोपत नाही, पण तो आवाज मला ऐकू आला नाही. खरं सांगायचं तर ऐकू आला होता, खर्च टाळायचा होता.

अनेक गाड्यांच्या ड्रमवर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला पोचला, की शू बदलायचे, नट आवळायचा नाही. चेन आवळली की चाक मागे सरतं, त्यामुळे ब्रेकही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. पुढच्या ब्रेकची वायर दांडीजवळ एकेक तार तुटत जाते. एक जरी तार तुटलेली दिसली तरी वायर बदलावी. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून काढल्यावर ब्रेक हळूहळू दोन-चारदा दाबून सुकवावा.

ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो हळूहळू दाबायचा, मागच्याबरोबर दाबायचा. वाळूवर आणि वळणावर जपून. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची किंवा एबीएसची सोय, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांना यातलं काहीच नाही. तिथे चालवणाऱ्याचा हात आणि पाय, एवढीच सोय.

आणि तरीही ब्रेक गेलाच, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, क्लच दाबून ठेवू नका, एकेक गिअर उतरवा, दुसरा ब्रेक वापरा, हॉर्न वाजवत राहा. पाय जमिनीला लावून गाडी थांबवायला जाऊ नका, पाय मोडेल. चढ किंवा मऊ माती शोधा. उतारावर गाडी न्यूट्रल तर कधीच करू नका.

नवे शू, नवी वायर आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो मनगटाच्या एक्स-रे आणि प्लास्टरपुढे काहीच नव्हता. पत्नीचं मनगट आता जुळलं आहे. पण थंडीत दुखतं, आणि भाकरी थापताना ती मध्येच थांबते. ती थांबली की मी काही बोलत नाही. दर रविवारी सकाळी मात्र गाडीजवळ उकिडवा बसतो, पायडल दाबतो आणि तो बाण बघतो. आपल्या दारात जुनी गाडी उभी असेल, तर आज एवढं करा. पाच मिनिटांचं काम आहे.