पाणी राखण्याचा खर्च

तळे खोदणाऱ्याला पुण्य लागते, असे आपल्याकडे पूर्वापार मानले गेले आहे. त्या तळ्यातील पाणी वर्षानुवर्षे निर्मळ राखणाऱ्याला काय लागते, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. व्यवहाराच्या भाषेत उत्तर द्यावयाचे तर त्याला पैसा लागतो, माणसे लागतात आणि कधीही न संपणारी चिकाटी लागते. बांधकामाचा खर्च एकदा होतो. राखणीचा खर्च दरसाल दत्त म्हणून उभा राहतो.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव लागते. भोवताली भातशेती आणि नारळीच्या बागा. अशा गावात एखाद्या सुखवस्तू गृहस्थाने घरामागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा जलतरण तलाव बांधला, असे समजू. त्यात ४८,००० लिटर पाणी मावेल. गृहस्थाच्या मनात हिशेब असतो तो एवढ्याच पाण्याचा. पण सूर्याचा हिशेब निराळा असतो. या उष्ण प्रदेशात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला पाच मिलिमीटर उतरते असे धरले, तर रोज १६० लिटर आणि वर्षाकाठी सुमारे ५८,००० लिटर पाणी उडून जाते. म्हणजे संपूर्ण तलाव वर्षातून एकदा भरून वर काही उरेल, इतके पाणी केवळ हवेला द्यावे लागते. पाऊस त्यातले काही परत करतो खरा. परंतु तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि तेव्हा काठोकाठ भरलेला तलाव त्यातले बरेचसे सोडूनच देतो. मे महिन्यातील तूट नोव्हेंबरच्या पावसाने कशी भरून निघावी?

पाण्यामागोमाग विजेचा आकडा येतो. पाऊण किलोवॅटचा पंप पाणी गाळण्यासाठी रोज सहा तास चालविला, तर वर्षाला सोळाशेहून अधिक युनिटे लागतात. मग औषध. लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन राखावयाचे, तर एका मात्रेला ९६ ग्रॅम क्लोरीन हवे. विरंजक चूर्णात ते साधारण एक-तृतीयांश असते, म्हणून चूर्ण तीनशे ग्रॅमच्या आसपास पडते. आणि तेही टिकत नाही. प्रखर उन्हात क्लोरीनचा मोठा भाग काही तासांतच नाहीसा होतो, म्हणून मात्रा पुनःपुन्हा द्यावी लागते. याशिवाय गाळणीतील वाळू धुणे, पाने काढणे, भिंती घासणे. या सर्वांत यंत्राहून माणसाची मजुरीच जास्त भरते, आणि अंदाजपत्रकात नेमकी तीच विसरली जाते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने या भागातील असंख्य नारळीची झाडे उन्मळून पडली आणि वीज दिवसचे दिवस बंद राहिली. पंप थांबला की साचलेले पाणी थोड्याच दिवसांत हिरवे होऊ लागते आणि डासांचे माहेरघर बनते. वीज आणि माणूस यांची साथ सुटताच चैनीची वस्तू उपद्रवाची वस्तू होते, ती अशी.

राखणीच्या खर्चाचा हा प्रश्न ओरत्तनाडुला नवा नाही. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी जी छत्रे उभारली, त्यांपैकी एक याच गावी आहे. दुसरे सरफोजी राजे यांनी आपल्या दिवंगत प्रिया मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ १८०१-०२ च्या सुमारास ते उभारले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व नेमणूक एवढेच उरले होते. तेव्हा १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून छत्रांचा कारभार कसा चालतो ते सविस्तर कळविले. मध्यरात्रीपर्यंत अन्नदान चाले. मग घंटा वाजवून उपाशी कोणी राहिला असल्यास त्याला बोलावले जाई. आजाऱ्यास औषध, मुलांस दूध, पोरक्या मुलांस शिक्षण, आणि छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीस तीन महिने राहण्याची मुभा असे. हा सारा नित्याचा खर्च होता, आणि तो भागे छत्रांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून. सत्ता गेली तरी ही गावे छत्रांकडून जाऊ नयेत, ही राजांची तळमळ होती. इमारत उभी राहूनही उत्पन्न तुटले, तर छत्र म्हणजे केवळ चार भिंती उरतील, हे त्यांनी ओळखले होते.

गावच्या तळ्यांनाही हाच नियम लागू होता. उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखांत तळ्यांची देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीचा उल्लेख आहे. गावकऱ्यांनी श्रम देऊन गाळ काढावा, बांध दुरुस्त करावे, या तमिळ रीतीला कुडिमरामत म्हणतात. ही रीत ढिली पडल्यावर १८५८ साली मद्रास सरकारला सक्तीच्या श्रमाचा कायदा करावा लागला. १९३४ मध्ये कल्लणैचा नवा कालवा सुरू होऊन ओरत्तनाडुच्या शेतांना कावेरीचे पाणी मिळू लागले. पण पाणी दुरून आले म्हणून जवळच्या तळ्यांतील गाळ काढण्याचे काम संपले नाही. २०१७ साली तमिळनाडु सरकारने कुडिमरामत याच नावाने तळ्यांच्या दुरुस्तीची योजना पुन्हा हाती घेतली, ती याच कारणास्तव.

घरच्या तलावात पोहणे हा काही अपराध नव्हे. श्रमाने मिळविलेल्या पैशाचा तो एक निर्दोष आनंद आहे. परंतु तो बांधणाऱ्याने गवंड्याला दर विचारण्यापूर्वी पाणी कोठून येणार, उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरल्यावर शेजाऱ्याच्या वाट्याचे काय होणार, आणि दहा वर्षांनंतर हा खर्च कोण उचलणार, हे स्वतःस विचारावे. सरफोजी राजांनी छत्र बांधताना दगडाबरोबर गावांचाही विचार केला होता. ज्याच्या वार्षिक खर्चाची तरतूद झाली नाही, ते बांधकाम किंमत चुकती केल्यानंतरही पुरे झाले असे म्हणता येत नाही.