तिकीट काढून पाहिलेला बिबट्या



जुन्नर तालुक्यातल्या माणसानं बिबट्या बघायला तिकीट काढावं, हे ऐकून माझा धाकटा भाऊ फोनवरच हसत सुटला. म्हणाला, "दादा, एवढ्यासाठी जयपूर गाठलंस? घरी थांबला असतास तर गोठ्यामागं दाखवला असता. वर चहा पाजला असता." त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्या ओतूरच्या शिवारात दिवेलागणीनंतर वस्तीवर जायचं तर माणसं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि लेकरू बरोबर असलं तर त्याला मधे घेऊन चालतात. अशा गावच्या माणसानं ऐन वाढदिवशी पैसे मोजून, दुसऱ्याच्या मुलखात जाऊन बिबट्या शोधत फिरावं, याला आमच्याकडे हौस म्हणत नाहीत. वेगळं काहीतरी म्हणतात.

त्याचं असं झालं. जानेवारीत मला साठ पूर्ण होत होती. घरी साठीशांतीचा घाट घातला जात होता. होम, गुरुजी, मांडव, जेवणावळ, आणि मग कुणाला बोलावणं पोचलं नाही म्हणून वर्षभर पुरणारे रुसवे. मला हे नको होतं. मुलगी जयपूरला असते, जावईबापू तिथं नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं सरळ इकडे निघून या. सांगा सगळ्यांना, पोरीनं बोलावलंय." कारण तयार झालं, आणि ऐन ऊसतोडीच्या हंगामात घरचं सगळं भावाच्या गळ्यात टाकून आम्ही नवराबायको गाडीत बसलो.

मुलगी राहते राजा पार्कात. जयपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलाबी भिंती आणि हवामहाल येतो. ते सगळं परकोटाच्या आत. राजा पार्क बाहेरचं. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांनी इथं संसार पुन्हा उभे केले. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पत्ता विचारला की "पंचवटी सर्कल से सीधे" इथून सुरुवात होते. सकाळी गुरुद्वाऱ्यातली गुरबाणी, संध्याकाळी छोले-भटुऱ्यांचा वास, आणि रात्री दहापर्यंत कपड्यांच्या दुकानांत गर्दी. जंगलाशी या वस्तीचा काही संबंध असेल असं तिथं उभं राहून कुणाला वाटणार नाही. पण गच्चीवर गेलं की पूर्वेला अरवलीच्या टेकड्या दिसतात. अगदी जवळ. त्याच डोंगररांगेत झालानाचं जंगल आहे.

वाढदिवसाच्या सकाळी मुलीनं औक्षण केलं. घरमालकीणबाईंना सगळे बीजी म्हणतात. त्या गुरुद्वाऱ्यातून कडा प्रसाद घेऊन आल्या. आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्याचाच हा पंजाबी भाऊ, फक्त तूप दुप्पट. दुपारी आम्ही झालान्याला निघालोय म्हटल्यावर बीजी म्हणाल्या, "वहाँ जाने की क्या ज़रूरत है? बघेरा तो कभी-कभी खुद आ जाता है." बघेरा म्हणजे बिबट्या. माझ्या भावाचंच बोलणं, फक्त भाषा दुसरी! जयपूरमध्ये खरंच असं होतं. टेकडीच्या पायथ्याच्या जवाहरनगर, मालवीयनगर या वसाहतींत कधी एखादा बिबट्या रात्री उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. त्याला ओढून आणतात मुख्यतः भटकी कुत्री.

झालाना म्हणजे जेमतेम वीस-बावीस चौरस किलोमीटरचं रान. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याच्या चौपट-पाचपट भरेल. एकेकाळी ही जयपूरच्या राजांची शिकारीची जागा. टेकडीवरची शिकार औदी, म्हणजे शिकारीसाठी बांधलेली इमारत, अजून उभी आहे. त्या काळी जयपूरकडे पाहुणा आला की त्याला वाघ भेट द्यायची रीत होती, म्हणजे वाघ मारायची संधी. 1961 च्या जानेवारीत राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप आले, तेव्हा फिलिप यांनी सवाई माधोपूरच्या जंगलात वाघ मारला होता. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुका खाली ठेवाव्या लागल्या. पाहुण्याला जंगलातलं जनावर भेट द्यायची हौस मात्र गेली नाही. माझ्या जावयानं तरी दुसरं काय केलं होतं? आठवडाभर आधी जिप्सीतल्या जागा राखून ठेवल्या, आणि वर मला सांगितलं, "बाबा, वाढदिवस आहे, दिसणारच." जणू वनखात्याला माझी जन्मतारीख कळवलेली होती.

दुपारी तीनच्या सुमाराला आत शिरलो. हवेत गारठा होता. धोक नावाची झाडं थंडीनं तांबूस पडलेली, मधूनमधून विलायती बाभळीचं रान, खाली वाळूमिश्रित माती. मोर इतके की थोड्या वेळानं आम्ही त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं. नीलगायी होत्या, टकाचोर होता, वाळलेल्या फांदीवर दिवसाढवळ्या डुलक्या काढणारा पिंगळा होता. गाइड पोरगा हुशार. तो जनावर शोधत नव्हता, माती वाचत होता. एका वळणावर गाडी थांबवून त्यानं ठसे दाखवले. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. "मादी आहे, दुपारचीच गेलीय," तो हिंदीत म्हणाला. मला हसू आलं. असे ठसे मी आमच्या पाटाच्या कडेच्या चिखलात कितीदा पाहिलेत! फरक एवढाच की तिथं ठसा दिसला की आम्ही शेळ्या मोजतो.

एकाएकी वर कुठेतरी वानर खाकरलं. मग मोर ओरडला. ड्रायव्हरनं गाडी दामटली आणि आम्ही पोचलो तेव्हा तिथं आधीच तीन जिप्सी उभ्या होत्या. बोटं सगळी एका खडकाकडे.

ती खडकावर आडवी पडली होती. आमच्यापासून वीस-पंचवीस हातांवर. पुढचा पंजा वर धरून चाटत होती. मग तिनं बोटं फाकवली, नखं बाहेर आली, त्यांच्यामधला भाग जिभेनं साफ केला, आणि नखं पुन्हा आत गेली, होती की नव्हती असं वाटावं इतकी. डाव्या कानाचा शेंडा फाटलेला होता. त्या कानावर माशी बसत होती आणि कान दर वेळी नुसता थरथरून तिला उडवत होता. बाकीचं अंग ढिम्म. शेजारच्या गाडीतलं एक पोर मोठ्यानं म्हणालं, "बस, इतना ही बड़ा?" त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. बिबटीनं मान वळवली, आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि जांभई दिली. खालचे सुळे पिवळे पडलेले दिसले. मग पुन्हा पंजा.

माझी बायको माझा दंड धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, ही घाबरत कशी नाही?"

श्रोतेहो, मी तुम्हाला हेच सांगायला आलोय. आयुष्यभर बिबट्यांच्या मुलखात राहून मी निवांत बसलेला बिबट्या तोवर पाहिला नव्हता. बॅटरीच्या उजेडात चमकलेले डोळे पाहिले होते. उसाच्या सरीत शिरणारी शेपटी पाहिली होती. पिंजऱ्यात पकडलेला पाहिला होता, गजांना धडका देऊन नाक सोललेला, आणि भोवती चारशे माणसांचा गलका. म्हणजे मी पाहिलेला प्रत्येक बिबट्या एक तर पळत होता, नाही तर चवताळलेला होता. त्या वेळी माझीही अवस्था फार वेगळी नसायची. आणि त्यावरून मी ठरवून टाकलं होतं की या जनावराचा स्वभावच असा.

झालान्यात तिला घाबरायचं कारण नाही. तिथं वाघ नाही, त्यामुळे ती दिवसाही उघड्यावर बसते. माणूस गाडीतून खाली उतरत नाही, दगड मारत नाही. रान छोटं आहे, शहर तिन्ही बाजूंनी टेकलंय, तरी तेवढ्या जागेपुरता एक करार पाळला जातो.

आमच्याकडे असा करार होण्याआधीच सगळं उलटंपालटं झालं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाणी आलं, त्याच्यामागून ऊस आला. आम्ही पैसा पाहिला, हे नाकारणार नाही. बिबट्यानं काय पाहिलं? माणसाच्या डोक्यावर गेलेलं, बारमाही ओलं, दाट रान, आत रानडुक्कर, कडेला कुत्री आणि शेळ्या. उसात जन्मलेल्या बिबट्याला सह्याद्रीचं जंगल हे त्याचं घर वाटत नाही. त्याचं घर आमचा फड.

मग हल्ले व्हायला लागले आणि आम्ही म्हटलं, पकडा आणि लांब नेऊन सोडा. मीही म्हटलं होतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याचा हिशोब मांडला. 2001 ते 2003 या काळात आमच्या भागात शंभराहून अधिक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. नवख्या जागी सोडलेलं, बिथरलेलं जनावर. ना त्याला वाटा माहीत, ना तिथल्या माणसांना त्याची सवय. आणि सोडलेला सोडल्या जागी थांबतो असंही नाही. 2009 साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. म्हणजे आमच्या ओतूरवरून जाणाऱ्या रस्त्यावरच. तो सुमारे 120 किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वे ओलांडत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. वाटेत त्यानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. तोच 'आजोबा', 2014 साली त्याच्यावर मराठी सिनेमा निघाला.

आता कुणी म्हणेल, हे रेडिओवर बसून बोलायला ठीक आहे. मान्य. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्यानं माणसं मारलीत, त्यांत लहान मुलं आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरासमोर उभं राहून मी झालान्याच्या त्या मादीचं कौतुक सांगणार नाही. सांगूही नये. शहरातला माणूस बिबट्याच्या बाजूनं बोलतो तेव्हा त्याला रात्री मोटार चालू करायला विहिरीवर जायचं नसतं. रात्रीची वीज आम्हाला, दिवसाची सफारी त्यांना, असा हा मामला आहे, आणि त्यातला राग खरा आहे. दिवसा वीज द्या, ही आमची मागणी जितकी शेतीची तितकीच बिबट्याची आहे, हे मात्र अजून पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं बिबट्यांची मोजणी जाहीर केली: देशात 13,874, त्यांत महाराष्ट्रात 1,985. मध्य प्रदेशानंतर आपला नंबर. पण ही मोजणी मुख्यतः जंगलांची. आमच्या फडात जन्मलेले त्यात कुठे बसतात, हे मी सांगू शकत नाही.

संध्याकाळी राजा पार्कात परतलो तेव्हा केक आणून ठेवलेला होता, त्यावर पिवळ्या क्रीमवर चॉकलेटचे ठिपके. जावयाची कल्पना. बीजींनी मोठा तुकडा घेतला आणि विचारलं, "दिखा?" दिसला म्हटल्यावर त्यांना माझं कौतुक वाटलं नाही, त्या जावयाला म्हणाल्या, "चलो, पैसे वसूल." रात्री भावाला फोन लावला. तो फडावरच होता. ऊस तोडताना दुपारी दोन बछडे सापडले होते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं येऊन तपासून गेली, आणि आता बछडे क्रेटमध्ये घालून जिथं सापडले तिथंच ठेवले होते, रात्री आई येऊन नेईल म्हणून. तोड थांबली होती, टोळीचा मुकादम वैतागला होता. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या ट्रकच्या काळजीत. मी म्हटलं, "थांब की एक दिवस." तो म्हणाला, "थांबलोय. तुला काय वाटलं?"

मग मी त्याला खडकावरच्या मादीचं सगळं वर्णन सांगितलं. पंजा, कान, जांभई. त्यानं ऐकून घेतलं. आमच्या जवळच आंबेगव्हाणला बिबट सफारी करायचं शासनानं जाहीर केलेलं आहे, त्यावरून गावात रोज चर्चा असते. भाऊ म्हणाला, "दादा, आपल्याकडची सफारी सुरू झाली, की गाववाल्यांना तिकिटात सूट मिळंल का रे? आमचे बिबटे, आमच्या शेळ्या खाऊन मोठे झालेत."

मी म्हटलं, "अर्ज करून बघ."